न थरथरणारा आकडा

वर्कशॉपमध्ये तिला सगळे ‘रांगवाली’ म्हणत. तोंडावरही म्हणत, आणि तिला त्याचे काही वाटत नसे. आपल्या कामाचे याहून सोपे वर्णन तिला स्वतःलाही कधी सापडले नव्हते. माहेरचे कोणी विचारी, “तू दिवसभर करतेस तरी काय?” तेव्हा ती सांगे, “रांगा लावते.”

“कोणाच्या?”

“विजेच्या.”

आणि विषय तिथेच संपे.

पण ते खरे होते. मायक्रोकंट्रोलर नावाच्या नखाएवढ्या चिपला बाहेरच्या जगातले काहीच थेट कळत नाही. खोलीतली उष्णता, हवेचा दाब, माणसाचे वजन, हे सारे तिच्या दाराशी येते ते कमीजास्त होणाऱ्या व्होल्टेजच्या रूपात. आणि चिपला समजतो फक्त आकडा. व्होल्टेजचा आकडा करून देणारा कन्व्हर्टर आत असतो, पण तो एकच, आणि ताटकळणारे अनेक. म्हणून रांग. कोणाला आधी घ्यायचे, कोणाला मागे ठेवायचे, कोणापाशी किती वेळ थांबायचे, हे ती ठरवी. तिच्या आवडत्या चिपमध्ये अशा दोन रांगा लावता येत. पहिली तातडीची, दुसरी सावकाश चालणारी. पहिलीची हाक आली की दुसरीने हातातले काम टाकायचे आणि पहिलीचे आटोपल्यावर पुन्हा सुरू करायचे. प्रत्येकाचा आकडा चिपच्या आतल्या तक्त्यातल्या ठरलेल्या घरात जाऊन बसे. नवा येईपर्यंत जुनाच तिथे राही.

तिचे वडील एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. शाळा सुटल्यावर ती दवाखान्याच्या बाकावर अभ्यास करी आणि बाकावरची माणसे पुढे सरकताना पाही. कळवळत आलेल्याला वडील सरळ आत नेत आणि बाकीच्यांना म्हणत, “जरा दमानं घ्या, तुमचा नंबर कुठं पळून जात नाही.” माणसे कुरकुरत, पण थांबत. पुढे कॉलेजात पुस्तकातली प्राधान्यक्रमाची प्रकरणे वाचताना इतरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. तिला मात्र तो बाक दिसला, आणि ती पाने तिने गोष्टीसारखी वाचून काढली.

ती मितभाषी होती. आवाज चढवणे तिला जमत नसे आणि आवडतही नसे. घाईघाईने केलेले काम तिला उघड्या जखमेसारखे वाटे. वर्कशॉपचे मालक, ज्यांना सगळे ‘साहेब’ म्हणत, तिच्याबद्दल म्हणायचे, “आमची रांगवाली एकदा हो म्हणाली की मी खोक्याला पट्टी मारतो. पुन्हा उघडून बघत नाही.” हे कौतुक तिला सुखावत असे, आणि त्याचे दडपणही येई.

गेल्या वर्षी वर्कशॉपला आजाऱ्यांच्या खाटेचे काम मिळाले. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी असते; खाटेखालचा लहानसा पंप तिच्यात एकसारखी हवा भरत राहतो. साहेबांनी ठरवले की त्याच खाटेला वजन कळणारा पट्टा बसवायचा. माणूस खाटेवरून उठला किंवा पडला, की वजन नाहीसे होईल आणि घंटा वाजेल. भिंतीवरच्या छोट्या पडद्यावर खोलीची उष्णता, बॅटरी आणि वजन दिसत राहील. पहिली सगळी खोकी एका मोठ्या शुश्रूषागृहात जायची होती. तिथे रात्रंदिवस म्हातारी माणसे असत आणि त्यांच्यामागे धावणारे हात मोजकेच.

रांगा तिने विचारपूर्वक लावल्या. गादीतला दाब पहिल्या रांगेत, कारण तो चुकला तर गादी फुटायची. पंपाच्या प्रत्येक ठोक्याला ही रांग हाक मारी. बाकीचे सगळे दुसऱ्या रांगेत: आधी उष्णता, मग बॅटरी, मग आणखी काही, आणि सर्वांत शेवटी वजन. वजनाच्या पट्ट्याला स्थिर व्हायला वेळ लागे, म्हणून तो मागे. शिवाय दुसरी रांग मध्येच थांबवावी लागली, तर राहिलेल्या जागेपासून पुढे न जाता ती पहिल्यापासून सुरू व्हावी, असे तिने ठरवले. एका फेरीतले सगळे आकडे एकाच वेळचे असावेत, अर्धे ताजे आणि अर्धे मघाचे नकोत, हा तिचा नेटका हिशेब होता. वर्कशॉपच्या बाकावर पंपाऐवजी ठोके देणारे यंत्र लावून तिने तो तपासला होता. सगळे सुरळीत चालले.

त्यातला एक नमुना तिने सासूबाईंकडे नेला, कारण त्यांनीच अंथरूण धरले होते.

सासू-सासरे दोन गल्ल्या पलीकडे, जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर राहत. सासऱ्यांनी जन्मभर बस चालवली होती. निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली तरी जेवायला बसताना ते अजूनही डावीकडे मान वळवून पाहत, जणू आरशात मागची गाडी दिसते आहे. सासूबाई बारीक अंगाच्या आणि तोंडाने खमंग. पहिल्या दिवशी घंटा वाजली तेव्हा त्या म्हणाल्या, “सूनबाई, घरात चहाडखोर माणसं कमी होती का, म्हणून हे यंत्र आणलंस?”

“आई, तुम्ही एकट्या उठता, पडाल म्हणून.”

“पडेन तर माझी मी पडेन. मी नुसता पाय खाली सोडला तर हे बोंब मारतं. माझ्या आईनं इतकं लक्ष ठेवलं असतं, तर माझं लग्न या डायव्हरशी झालंच नसतं.”

“झालं असतं,” सासरे खुर्चीतून म्हणाले. “तुला माझ्या बसचा दांडा सोडवत नव्हता.”

अतिशय हळू उठून यंत्राला फसवायचा चंगच सासूबाईंनी बांधला होता. कधी उशी दाबून ठेवायच्या, कधी एक पाय वर एक खाली. घंटा व्हायचीच. मग त्या पडद्याकडे पाहून म्हणायच्या, “थांब, एक दिवस तुला दाखवते.”

एका सकाळी त्या झोपेतच गेल्या. माणसे आली, कुजबुजली, त्यांना उचलून घेऊन गेली. त्या गडबडीत पडद्याकडे कोणी पाहिले नाही. पाहिले ते सासऱ्यांनी.

पुढच्या आठवड्यात रांगवाली पट्टा आणि बोर्ड सोडवून न्यायला गेली. गादी भरलेली होती, तिच्यावर धुतलेली चादर ताणून घातलेली होती, खाली पंप घुमत होता. खाट रिकामी होती. आणि भिंतीवरच्या पडद्यावर आकडा होता: एकेचाळीस किलो सहाशे ग्रॅम.

तिचा हात स्क्रूड्रायव्हरवरच राहिला.

“वाचलास ना?” सासरे शांतपणे म्हणाले. “मी रोज वाचतो. तुझ्या सासूचं वजन आहे.”

“मामंजी, गादीचं असेल. पट्टा सरकला असेल.”

“सरकला असेल तर सरकव.”

तिने पट्टा सरकवला. आकडा हलला नाही. तारा काढून पुन्हा लावाव्यात म्हणून ती वाकली, तेव्हा त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. हात जड नव्हता, पण ती थांबली.

“वीज तोडू नको. एक सांगतो, वेडा म्हणू नको. माणूस खाटेवरून उठला की घंटा व्हायची, हे तूच सांगितलंस ना? तिला नेलं तेव्हा मी इथंच उभा होतो. चौघांनी उचलली. घंटा झाली नाही.” ते जरासे हसले. “मी आयुष्यभर मागून घंटा मिळाल्याशिवाय गाडी हलवली नाही, सूनबाई. दारात माणूस लटकत असतो. एकदा घंटा झाली की मागं बघायचं नाही. पण झालीच नाही, तर कसं निघायचं?”

पडद्यावर खोलीची उष्णता एका अंशाने उतरली, बॅटरीची खूण लुकलुकली. पडदा जिवंत होता, चालू होता, आणि शांतपणे सांगत होता की खाटेवर कोणीतरी आहे. ती काही न सोडवता परत आली. जिन्यात तिला जाणवले की आपण मागे पाहायचे टाळत उतरतो आहोत.

वर्कशॉपमध्ये तिने बाकावरचे बोर्ड पुन्हा पुन्हा तपासले. पट्ट्यावर वजन ठेवले की आकडा येई, उचलले की जाई आणि घंटा होई. एकही बोर्ड चुकत नव्हता. खोकी भरत आली होती, गाडी शुक्रवारी यायची होती. साहेबांनी विचारले, “हो ना?” आणि नोकरीत प्रथमच तिला तो एवढासा शब्द उच्चारता आला नाही. जे यंत्र रिकाम्या खाटेवर माणूस दाखवते, ते जमिनीवर पडलेल्या माणसालाही खाटेवरच दाखवेल, आणि शुश्रूषागृहात कोणी धावून येणार नाही. कारण सापडले नाही तर एक तर हे मान्य करावे लागणार होते, किंवा मामंजी म्हणत होते ते.

घरी नवरा म्हणाला, “तू सरळ ते यंत्र उचलून आण. बाबा त्या खोलीतून हलत नाहीत. आपल्याकडे चला म्हटलं तर म्हणतात, तुझ्या आईला एकटं टाकून? अंगावर काटा येतो माझ्या.”

“उचलून आणलं तर कारण कधीच कळणार नाही. ते फक्त त्याच खोलीत होतंय.”

“म्हणजे तूही मानतेस?”

“मी काही मानत नाही,” ती म्हणाली. पण भांडी विसळताना तिच्या डोळ्यांसमोर तो आकडा होता, आणि त्यात काहीतरी खटकत होते, जे तिला पकडता येत नव्हते.

ते तिला शुक्रवारी सकाळी, त्या खोलीतच पकडता आले. आकडा पाहत उभी असताना तिला सासूबाई असतानाचा आकडा आठवला. तो कधी स्थिर नसे. श्वास आत गेला की शेवटचा अंक वर, बाहेर आला की खाली. खोकल्याबरोबर उडी मारी. जिवंत माणसाचा आकडा थरथरतो. हा थरथरत नव्हता. एखाद्या फोटोतल्या डोळ्यांसारखा तो तिच्याकडे एकटक पाहत होता.

“मामंजी,” ती म्हणाली, “या खाटेवर कोणी बसलं का, आई गेल्यानंतर?”

“मी बसू दिलं नाही कोणाला.”

“तुम्ही एकदा झोपता?”

त्यांनी तिच्याकडे रोखून पाहिले. मग चपला काढल्या, चादरीची सुरकुती हाताने सारखी केली आणि भिंतीकडे सरकून, जणू शेजारी जागा ठेवावी तसे, ते आडवे झाले. चांगले भरल्या अंगाचे गृहस्थ. खाट करकरली. गादी दबली. पडद्यावर एकेचाळीस किलो सहाशे ग्रॅम.

“काय म्हणतंय?”

“तेवढंच.”

“म्हणजे मी नाहीच का?” ते छताकडे पाहत हसले. “चाळीस वर्षं हेच चाललं होतं या घरात. दोघांत मिळून वजन तिचंच.”

तिलाही हसू आले, आणि त्या हसण्यानंतरच्या शांततेत तिला पंप ऐकू आला. आत्तापर्यंत तो खोलीचाच आवाज वाटत होता. आता तिला कळले की तो तिच्या ओळखीचा मंद आवाज नव्हता. स्वर उंच होता, ठोके एकमेकांवर चढत होते.

“हा पंप असा का पळतोय?”

“मी कडक केलाय. ती जायच्या आदल्या दिवशी दुपारी म्हणाली, गादी फार मऊ झालीय, पाठ रुतते. म्हणून ते बटण फिरवलं, शेवटपर्यंत. तेवढ्यानं तिला बरं वाटलं.” थोडे थांबून ते म्हणाले, “मग मी परत फिरवलं नाही. कशाला फिरवू?”

ती खुर्चीत बसली. सगळे एकदम तिच्यासमोर उभे राहिले, दवाखान्याच्या बाकावर माणसे बसावीत तसे. पंपाचा प्रत्येक ठोका पहिल्या रांगेला हाक मारी. पंप कडक केल्यावर ठोके इतके जवळ आले की दुसरी रांग शेवटापर्यंत पोचायच्या आतच पुढची हाक येई, ती थांबे, आणि तिच्याच नियमाप्रमाणे पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. उष्णता वाचली जाई, बॅटरी वाचली जाई. शेवटी उभ्या असलेल्या वजनाचा नंबर त्या दुपारपासून एकदाही आला नव्हता. तक्त्यातल्या त्याच्या घरात बटण फिरवण्याच्या क्षणी लिहिलेला आकडा तसाच बसून होता. वर्कशॉपमधल्या चाचणीत तिने ठोके दिले होते ते मऊ गादीचे. कडक गादीचे दिलेच नव्हते.

तेव्हा आकडा खोटा नव्हता. सासूबाईंचाच होता, त्यांच्या शेवटच्या दुपारचा. भूत नाही हे कळल्यावर हलके वाटायला हवे होते. उलट तिला शुश्रूषागृहातल्या खाटा दिसल्या.

फोन वाजला. साहेब होते. “रांगवाली, गाडी दारात उभी आहे. हमाल खोक्यांवर बसून विड्या ओढतायत. चढवू का माल?”

“नको, साहेब.”

“का? तुझ्या सासूनं परवानगी दिली नाही वाटतं?” थट्टा तोंडातून निसटल्याचे त्यांचे त्यांना कळले असावे. आवाज उतरला. “चुकलो. बोल.”

“पंप कडक केला की वजन वाचलंच जात नाही. जुनाच आकडा दिसत राहतो. माणूस पडला तरी घंटा होणार नाही. रांगेचा क्रम मी चुकीचा लावलाय.”

साहेबांनी विचारले, “खात्री आहे?”

तिने खाटेकडे पाहिले. मामंजी डोळे मिटून पडले होते, पण ऐकत होते. खात्री करायची तर बटण परत फिरवायला हवे होते. बटण तिच्या पायाशीच होते. पंप मंदावताच रांग शेवटपर्यंत जाईल, त्या घरात नवा आकडा बसेल, आणि सासूबाईंचा आकडा जगात कुठेही उरणार नाही. मामंजी स्नानाला जातील तेव्हा गुपचूप फिरवता येईल, हा विचार तिच्या मनात येऊन गेला. त्याची तिला लाज वाटली.

“थोड्या वेळात सांगते,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मग तिने त्यांना सगळे सांगितले. दवाखान्याचा बाक घेऊन सांगितले, बस घेऊन सांगितले. ते मध्ये एकदाच बोलले.

“म्हणजे ती रोज शेवटच्या थांब्यावर उभी, आणि गाडी अर्ध्या वाटेतून डेपोत परत.”

“हो, मामंजी.”

“आणि तू बटण फिरवलंस की गाडी पोचणार.”

“पोचली की तिथं कोणी नाही असं दिसेल. पण मला ते इथंच बघायला हवं. ही खाट जिथं जाणार आहे, तिथं माणसं पडतील.”

पंप धापा टाकत राहिला. रस्त्यावरून कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेले.

“मी असाच पडून राहतो,” अखेर ते म्हणाले. “रिकामी नको दिसायला. मग फिरव.”

तिने खाली वाकून बटण मागे फिरवले. पंपाचा स्वर उतरत गेला, ठोक्यांच्या मध्ये जागा पडू लागली. गादी त्यांच्याखाली सैल झाली आणि त्यांचे शरीर थोडे आत गेले. तिने मान वर केली तेव्हा पडद्यावर एकोणऐंशी किलो होते, आणि शेवटचा अंक वरखाली होत होता. एकेचाळीस किलो जाताना तिला दिसलेही नाही.

“आता?”

“तुमचं आलं.”

“आणि तिचं? कुठं ठेवलंय?”

“कुठं नाही. त्याच घरात तुमचं लिहिलं गेलं.”

“बरं,” ते म्हणाले. “माझ्याच अंगाखाली गेली म्हणायची.”

ते उठले नाहीत. ती वाट पाहत बसली. आता उठले तर काय होणार हे दोघांनाही ठाऊक होते. तिने फोनवर दोन शब्द लिहून साहेबांना पाठवले: ‘खात्री आहे.’ गाडी रिकामी परत जाईल, साहेब आठवडाभर पुटपुटतील, ती वजनाला रांगेत पुढे आणील, थांबलेल्या जागेपासून पुढे चालायला रांगेला शिकवील, आणि जो आकडा ताजा नाही तो पडद्यावर दिसणारच नाही अशी तजवीज करील. हे सारे तिच्या मनात चालू होते आणि डोळे त्या थरथरणाऱ्या शेवटच्या अंकावर होते. एका म्हाताऱ्या माणसाचा श्वास. वर, खाली. मध्येच तो अडे, आणि तिचाही अडे.

मग त्यांनी पाय खाली सोडले, दोन्ही हात गादीवर टेकले आणि उभे राहिले.

घंटा झाली. इतक्या दिवसांनी त्या खोलीत ती फार मोठी वाटली. तिने बंद करायला हात पुढे केला, पण मामंजींनी मान हलवली. ते दाराशी गेले आणि जिन्याचे दार उघडून उभे राहिले. खालच्या मजल्यावरचे दार उघडल्याचा आवाज आला. तिथल्या शेजारीणबाई जिन्यातून घाबऱ्याघुबऱ्या ओरडल्या, “अहो, काय झालं? कोण उठलं?”

“ती, वहिनी,” ते खाली वाकून म्हणाले. “गेली आत्ता.”

रांगवालीने पडद्याकडे पाहायचे टाळले, खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला आणि घंटा वाजत असतानाच पहिला स्क्रू सैल करायला घेतला.